न्यूझीलंडमध्ये किवीचे पैसे चवीवर कसे ठरतात?

'किवी तोडताना आंबटढाण असते, मग चव मोजणार कशी?' असं विचारलंय. रास्त शंका आहे.

द्राक्ष वेलीवरून उतरलं की त्याची गोडी तिथेच थांबते, म्हणून नाशिकला ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, बघून तोडणी होते. किवीचं तसं नाही. तोडताना ती कडक असते, आत स्टार्च भरलेला असतो आणि पिकताना त्याची साखर होते. त्यामुळे आजच्या गोडीपेक्षा फळात पाणी वगळून उरतं किती, म्हणजे शुष्कांश, हा खरा अंदाज. त्यासाठी बागेतून नमुन्याची फळं नेऊन चकत्या काढतात, ओव्हनमध्ये पूर्ण वाळवतात आणि आधीचं-नंतरचं वजन ताडून बघतात. ब्रिक्स आणि बियांचा काळेपणाही तपासतात, पण ते पक्वतेसाठी.

झेस्प्री, म्हणजे न्यूझीलंडची किवी निर्यात करणारी कंपनी, याच शुष्कांशावरून किमान चवीची अट घालते. त्याखालचा माल तिच्या निर्यातीत जात नाही. त्या अटीच्या वर शुष्कांश जितका जास्त, तितका चवीचा मोबदला जास्त.

तोडणी साधारण मार्च ते जून चालते. खरी ओढाताण इथेच. लवकर तोडलेल्या मालाला वेगळा प्रीमियम मिळतो, पण थांबलं तर शुष्कांश वाढू शकतो. थांबावं तर पाऊस आणि थंडीचा धोका. वेलीवर भरमसाट फळं ठेवली तर भरलेले ट्रे, म्हणजे माल, वाढतो, चव मात्र मार खाते. माझ्या मते विरळणीत, म्हणजे जास्तीची फळं काढून टाकण्यात, हात आखडणारा बागायतदारच शेवटी तोट्यात जातो.