शिवाजी पार्कवर नव्याने चालायला येणाऱ्या मित्रास

काल तुम्ही चार फेऱ्या भराभर मारून लगेच कट्ट्यावर बसलात, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. पहिली फेरी सावकाश चाला. रक्ताचा वेग वाढला की रक्तवाहिनीच्या आतल्या, जेमतेम एका पेशीएवढ्या जाड अस्तराला त्याचे घर्षण जाणवते. ते अस्तर एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते, तो लगतच्या स्नायूंत शिरून त्यांना सैल करतो आणि वाहिनी रुंदावते. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. हा वायू काही सेकंदच टिकतो, साठवता येत नाही. म्हणूनच आठवड्यातून एकदा दमण्यापेक्षा रोज चालणे मला अधिक मोलाचे वाटते.

शेवटची फेरीही संथच असू द्या. एकाएकी थांबल्यास पायांतल्या वाहिन्या रुंदावलेल्याच राहतात, पण रक्त वर ढकलणाऱ्या पोटऱ्या थांबतात. मला एकदा अशीच डोळ्यांपुढे अंधारी आली होती, कट्ट्याची कड घट्ट धरून मी कसाबसा खाली टेकलो.

सिगारेट, मशेरी सोडा. धुराने तर हे अस्तरच बिघडते. परतताना दादरच्या मंडईतून पालक, बीट घ्या: त्यांतल्या नायट्रेटचे जिभेवरचे जिवाणू नायट्राइट करतात आणि त्यापासूनही हा वायू बनतो. रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.