दुसऱ्या अल्बमच्या वेळी अ‍ॅडेलनं काय केलं?

प्रश्न: ब्रिटिश गायिका अ‍ॅडेलचा ‘21’ हाच तिचा पहिला अल्बम, असं मी धरून चालले होते. भाचीनं सांगितलं, त्याआधी ‘19’ आला होता आणि तोही गाजला होता. पहिला गाजला की दुसरा फिका पडतो म्हणतात. इथं उलटं कसं झालं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: भाचीचं बरोबर आहे. ‘19’ जानेवारी 2008मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅडेलला सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचं ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतला मोठा संगीत पुरस्कार, मिळालं. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

दुसऱ्या अल्बमची अडचण खरीच असते. पहिल्यात शाळकरी वयापासून साठवलेली गाणी असतात. दुसऱ्यासाठी झोळी रिकामी आणि हातात वर्ष-दोन वर्षं. अ‍ॅडेलच्या बाबतीत त्या काळात दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेच्या दौऱ्यात तिच्या बसच्या ड्रायव्हरनं तिला तिकडच्या दक्षिणेतलं कंट्री संगीत ऐकवलं, ते तिच्या कानात मुरलं. आणि तिचं प्रेम मोडलं. ‘21’मधलं ‘रोलिंग इन द डीप’ हे गाणं त्याच रागात, पॉल एपवर्थ या निर्मात्याबरोबर लंडनमध्ये जन्मलं.

पण मी गाण्याच्या शिकवणीला येणाऱ्या मुलींना सांगते ती गोष्ट वेगळी आहे. त्या गाण्याच्या डेमोतला, म्हणजे कच्च्या नमुना रेकॉर्डिंगमधला, आवाज नंतर पुन्हा गाऊन बघितला, तर तसा लागेना. म्हणून डेमोतलाच आवाज अल्बममध्ये ठेवला! ‘समवन लाइक यू’चंही तेच. गीतकार-निर्माता डॅन विल्सनबरोबर दोन दिवसांत केलेलं कच्चं रेकॉर्डिंग, तेच आपण आज ऐकतो.

ते हेडफोन लावून ऐका. पियानोवर सुटे सुटे स्वर, एकसारखे फिरत राहणारे, आणि त्यावर फक्त आवाज. ड्रम नाहीत, गिटार नाही. ध्रुवपदाला ती वर चढते तिथं गळा दाटून आल्यासारखा होतो. पूर्वी अशा जागी मी मुलींना थांबवून ‘पुन्हा घे’ म्हणायचे. आता थांबवत नाही. फेब्रुवारी 2011मध्ये लंडनला ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात तिनं ते नुसत्या पियानोवर गायलं आणि त्यानंतर ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. ‘21’ अमेरिकेत एकूण 24 आठवडे अव्वल राहिला. 2012च्या ग्रॅमीमध्ये तिनं सहा पुरस्कार घेतले, तेही स्वरतंतूंच्या शस्त्रक्रियेनंतर तीनेक महिन्यांत.

म्हणून मला ‘उलटं झालं’ असं वाटत नाही. नाव झाल्यावर सगळा थाट करता आला असता, पण इतकं दूर पोचलं ते इतकं साधं गाणं. भाचीला शेजारी बसवून आधी ‘19’मधलं ‘होमटाउन ग्लोरी’ लावा. सोळाव्या वर्षी लिहिलंय तिनं ते. लगेच पाठोपाठ ‘समवन लाइक यू’. दोन्हीकडे मुख्य साथ पियानोचीच आहे. मधल्या वर्षांत आवाजात काय उतरलं, ते तुम्हाला आपोआप ऐकू येईल.