रजिस्टरवरची सही तुझी आहे

ताई, मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. रत्नागिरीजवळ मासळी प्रक्रियेच्या एका कंपनीत सव्वादोन वर्षं क्यूसीला (मालाच्या गुणवत्ता तपासणीला) आहे. गेटवर फोन जमा, नखं-बांगड्यांची तपासणी, चहाला मोजून दहा मिनिटं. मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडतात. सीझनला रात्रीचे दहा वाजतात, पण ओव्हरटाइम कधी मिळाला नाही. टेम्परेचरचे रकाने शिफ्ट संपताना एकदम भरून सही करायला लावतात. गणपतीला दोनच दिवस सोडलं, तेही बिनपगारी. माझ्या मार्कशीटच्या मूळ प्रती ऑफिसात अडकल्यात. उद्याच राजीनामा टाकावा असं वाटतं. आई म्हणते, हातची नोकरी सोडू नको. काय करू?
— एक क्यूसीवाली

उद्या राजीनामा टाकू नकोस. आणि आई म्हणते म्हणून वर्षानुवर्षं तिथेच राहायचं, असंही नाही.

आधी तुझी गाऱ्हाणी वेगळी करूया. फोन, नखं, बांगड्या, केसांची जाळी हे सगळं निर्यातीच्या मासळीचं काम करणाऱ्या कुठल्याही कंपनीत असंच असतं. कोळंबीच्या गोठवलेल्या ब्लॉकमध्ये काचेचा एक तुकडा निघाला तर अख्खा माल परत येतो. एवढ्यावरून नोकरी बदललीस तर नव्या गेटवरही फोन काढूनच घेतील. ओरडणारा साहेब त्रासदायक खरा, पण नुसत्या ओरडण्यावर कामगार कार्यालय फार काही करत नाही.

मला खरी काळजी आहे ती टेम्परेचरच्या रकान्यांची. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना पडून राहिले की त्यांच्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं. एकदा झालं की उणे 18 अंशाला गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. म्हणजे मासा कधी किती गार होता, याला नंतर पुरावा म्हणून फक्त तुझा कागद उरतो. माल नाकारला गेला की पहिल्यांदा तोच कागद उघडतात. त्यावर मॅनेजरची सही नसते, तुझी असते.

म्हणून आजपासून मापन घेतलंस त्याच मिनिटाला, वेळेसकट लिही. जे घेतलं नाहीस तो रकाना आडवी रेघ मारून 'नोंद घेतली नाही' असं लिहून सोड. शिफ्टच्या सुरुवातीला बारीक बर्फ आणि थोडं पाणी घालून त्यात थर्मामीटर तपास, शून्य दाखवलं पाहिजे. रकाने रिकामे का राहतात ते तुलाही ठाऊक असेल: एकाच क्यूसीला मासळी उतरवण्याकडेही उभं करतात आणि पॅकिंगलाही पाठवतात. तेव्हा भांडू नकोस, शिफ्ट संपल्यावर एक साधा ईमेल टाक: 'आज 2 ते 5 मला पॅकिंगला पाठवलं होतं, त्या वेळच्या नोंदी घेता आल्या नाहीत. उतरवण्याच्या जागी एक मदतनीस मिळावा.' असे दोन-तीन ईमेल गेले की साहेब एकतर माणूस देतील किंवा चिडतील. चिडले तर तिथे थांबायचं नाही, हे तुझं तुलाच कळेल. रजिस्टरचे फोटो काढून ग्रुपवर मात्र फिरवू नकोस. कागद कंपनीचा आहे, तेच तुझ्यावर उलटेल.

ओव्हरटाइमचं असं आहे: कारखान्यात कामगाराने दिवसाच्या ठरलेल्या तासांपेक्षा किंवा आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम केलं तर त्या वेळेचा दर दुप्पट. 'तुम्ही सुपरवायझर, तुम्हाला लागू नाही' असं ऐकवतील. पण नुसतं पदनाम बघत नाहीत, हाताखाली माणसं आहेत का, प्रत्यक्ष काम काय, हे बघतात. रोजची आत-बाहेरची वेळ वहीत लिहून ठेव. कंपनीची गाडी घरी सोडते तीही वेळ लिही. रजेचंही विचार: वर्षात 180 दिवस काम भरलं असेल तर दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा होते, म्हणजे किमान 9. मग गणपतीचे दोन दिवस बिनपगारी का कापले, हे एचआरला लेखी विचार.

पीएफचं पासबुक उमंग ॲपवर उघडून बघ. कंपनीचा वाटा तुझ्यापेक्षा कमी दिसला तर घाबरू नकोस, त्यातला ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगाराच्या 8.33 टक्के भाग पेन्शनकडे वळतो. पण पगाराच्या स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात त्या महिन्याची नोंदच नाही, असं असेल तर पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवर तक्रार कर. नोकरी बदलताना पैसे काढू नकोस, खातं पुढे वळव.

सोडायचं ठरलं तर वेळ साध. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, माल थोडा येतो, ऑगस्टला सीझन सुरू होताना माणसं लागतात. म्हणून चौकशी जूनमध्येच सुरू कर, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेलं कोणी ओळखीचं असेल तर त्यांनाही विचार. आंबा कॅनिंगवाल्यांनाही क्यूसी लागतो, पण तो धंदा उन्हाळ्याचा, वर्षभर काम आहे का हे आधी विचार. नेमणूकपत्रात नोटीस किती दिवसांची आहे तेही आज वाचून ठेव.

आणि मार्कशीट राजीनाम्याआधीच परत माग. राजीनामा दिलास की तेच कागद तुला अडवायला वापरतील. एचआरला ईमेल कर: 'माझ्या मूळ प्रती आपल्याकडे आहेत, त्या अमुक तारखेपर्यंत मिळाव्यात, छायांकित प्रती सोबत देत आहे.' उत्तर नाही आलं तर तोच मजकूर पोचपावतीसह पोस्टाने पाठव, मग ती पावती घेऊन सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय गाठ. कागद हातात, नव्या ठिकाणचं पत्र हातात, मग राजीनामा. एक प्रत ईमेलने, एक छापील, तिच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घे. कारण म्हणून 'वैयक्तिक' एवढंच लिही.