वर्गातल्या घटक चाचणीत मुलं सर्रास कॉपी करतात. काय करावं?

आठवीला गणित शिकवते, त्या अनुभवावरून सांगते. बाकांमधून नुसत्या फेऱ्या मारून फारसं काही हाती लागत नाही, सगळा खेळ प्रश्नपत्रिकेत आहे.

मी 'अ' आणि 'ब' असे दोन संच काढते. गणितं तीच, आकडे वेगळे. एका बाकावर एकच संच कधीच नाही. चक्रवाढ व्याजाचं गणित घ्या: मुद्दल १०,००० रुपये, मुदत २ वर्षं दोघांनाही, पण 'अ'ला दर ८ टक्के, 'ब'ला १० टक्के. 'अ'वाल्याच्या पेपरात रास १२,१०० दिसली की समजायचं, मान शेजारी वळली होती. त्याचं उत्तर ११,६६४ यायला हवं.

चिठ्ठ्यांचं म्हणाल तर सूत्रं मी फळ्यावरच लिहून देते. पूर्वी मुलं कंपासपेटीच्या झाकणात आतून पेन्सिलीने लिहायची. झाकण जरा तिरपं धरलं की अक्षरं चमकायची! आता ती मेहनत कोणी घेत नाही.

सापडलंच कोणी, तर वर्गासमोर तमाशा नको. पेपर शांतपणे काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दुसरा संच सोडवायला बसवा. मंडळाच्या परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी १९८२ चा कायदा आहे, पण २० मार्कांच्या चाचणीला पोलिसांची भीती घालणारे शिक्षकही मी पाहिलेत. मुलं मागे हसतात हो त्यांना.