जातीवरून शिवीगाळ झाली, पण पोलिसांनी नुसती एनसी घेतली. ॲट्रॉसिटीचा गुन्हा कसा नोंदवून घ्यायचा?

तुमच्या प्रश्नातून कळतं ते असं: वस्तीतल्या एका बाईंना गावच्या हापशावरून हुसकावलं, चारचौघांत जातीवरून बोलले आणि ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून परत पाठवलं. आधी त्या एनसीची प्रत काढून नीट वाचा. तिच्यात जातीचा उल्लेख असेल तर ती तुमच्या कामाची आहे, कारण त्याच दिवशी ठाणं गाठल्याचा तो पुरावा. नुसतं ‘शिवीगाळ व दमदाटी’ असेल तर आरोपीचा वकील पुढे हमखास म्हणणार की जातीचं नंतर सुचलं. म्हणून आता एक दिवसही घालवू नका.

मुळात इथे एनसी बसतच नाही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा, १९८९) कलम ३(१) खालच्या गुन्ह्यांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे ते दखलपात्र आहेत, पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवून तपास करायचे. ‘अर्ज ठेवून जा, चौकशी करून बघतो’ हे उत्तर तर ठरलेलंच. मार्च २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आधी चौकशी करायची वाट काढून दिली होती. त्यावर २ एप्रिलचा भारत बंद झाला, त्याच वर्षी संसदेने कलम १८अ घातलं आणि २०२० मध्ये कोर्टाने ते कायम ठेवलं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असं हे कलम सांगतं. हल्ली नव्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७३(३) वर बोट ठेवून चौदा दिवसांची चौकशी सांगतात. तिथेही १८अ दाखवा आणि अर्जात ते कलम लिहाच.

आता फिर्याद. बहुतेक प्रकरणं इथेच मरतात. ‘आरोपीने मला जातिवाचक शिवीगाळ केली’ हे वाक्य ठाण्यात सर्रास लिहिलं जातं आणि कोर्टात त्याला काही वजन नसतं. लिहायचं ते असं: ‘अमुक तारखेला सकाळी साडेआठच्या सुमारास मी मारुती मंदिरासमोरच्या हापशावर हंडा भरत होते. तेव्हा अमुक तेथे आले. ते अमुक जातीचे आहेत. मी अमुक जातीची आहे, हे एकाच गावात राहत असल्याने त्यांना माहीत आहे. ते मला म्हणाले,’ आणि यापुढे तोंडचे शब्द जसेच्या तसे, शिवीसकट. लाज वाटते म्हणून शब्द गाळू नका. लिहून घेणारा ‘सभ्य’ करत असेल तर थांबवा. मग ‘त्या वेळी तेथे अमुक अमुक हजर होते’.

हजर असलेल्यांत घरचा नसलेला निदान एक माणूस हवा. कलम ३(१)(आर), म्हणजे मुद्दाम अपमान, आणि (एस), म्हणजे जातीवरून शिवीगाळ, यांना ‘लोकांच्या नजरेसमोर’ ही अट आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना घडलेलं त्यात बसत नाही, हे कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. फोनवरच्या शिव्याही बहुतेक वेळा इथेच अडतात.

तुमच्या प्रकरणात आणखी एक कलम आहे आणि ते लोक विसरतात: ३(१)(झेडए). विहीर, नळ, पाणवठा वापरण्यास अडवणं हाच त्यात गुन्हा आहे, ‘लोकांच्या नजरेसमोर’ची अट नाही. हंडा ढकलला, रांगेतून काढलं, हे वेगळ्या वाक्यात लिहा. (महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ चा, पाणी प्यायला मात्र १९२७ मध्ये हजारोंना जावं लागलं. आपल्याकडे कागद आणि पाणवठा यांत नेहमीच अंतर.)

धर्म बौद्ध असेल तर जातीच्या जागी नुसतं ‘बौद्ध’ लिहू नका, दाखल्यावरची अनुसूचित जातही लिहा. दाखला हाताशी नसेल तर गुन्हा अडत नाही, तपासात जोडता येतो. आणि जे तिथे नव्हतेच अशा भावकीतल्या आठ जणांची नावं घालू नका. एकाची हजेरी खोटी निघाली की सगळी फिर्याद डळमळते.

कलम ४ प्रमाणे फिर्याद तुम्हाला वाचून दाखवणं आणि प्रत लगेच देणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. वाचल्याशिवाय सही नको. घेतच नसतील तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपा. तरी हालचाल नसेल तर वकिलामार्फत कोर्टात अर्ज.

गुन्हा दाखल झाल्यावर तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडेच आहे ना, ते बघा. जबाब फौजदाराने घेऊन वर नुसती सही झाली असेल तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. दोषारोपपत्राला साठ दिवसांची मुदत आहे. जामिनाच्या सुनावणीची नोटीस तुम्हाला मिळायलाच हवी आणि तिथे तुमचं म्हणणं मांडता येतं (कलम १५अ). याच सुमारास उलट तक्रार येते, बऱ्याचदा जबरी चोरीची किंवा विनयभंगाची. घाबरून आपसांत मिटवायला बसू नका, वकील मात्र लगेच गाठा.

(आर) आणि (एस) साठी अर्थसाहाय्य एक लाख रुपये: गुन्हा नोंदल्यावर २५ टक्के, दोषारोपपत्रानंतर ५०, शिक्षा झाल्यावर २५. त्यासाठी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे फिर्यादीची प्रत, जातीचा दाखला आणि बँक पासबुकाची झेरॉक्स द्या. तारखेला येणाऱ्या साक्षीदारांना प्रवासभाडं आणि भत्ता मिळण्याची तरतूद नियम ११ मध्ये आहे, तेव्हा एसटीची तिकिटं फेकू नका.