एमडीआर टीबी: सहा महिन्यांचा उपचार खरोखरच अठरा महिन्यांच्या उपचारापेक्षा महाग आहे का?

भोसरीत रोजंदारीवर काम करणाऱ्या तुमच्या भावाला एमडीआर टीबी (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा क्षयरोग) झाला आहे आणि ‘सहा महिन्यांचा नवा उपचार महाग, अठरा महिन्यांचा जुना स्वस्त’ असे एका नातेवाइकांनी सांगितले आहे. हे खरे का, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यात क्षयरुग्णांच्या कुटुंबांना कागदपत्रांसाठी मदत करतो, त्यामुळे खर्चापुरतेच लिहितो. माझ्या मते ही तुलना फसवी आहे.

नातेवाइकांच्या बोलण्याला एकेकाळी आधार होता. क्षयरोगाच्या औषधांच्या जागतिक खरेदी यंत्रणेला बेडाक्विलिन या नव्या उपचारातल्या मुख्य औषधाचा सहा महिन्यांचा कोर्स २०२० मध्ये ३४० डॉलरला पडत असे. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने हे औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा मक्तेदारी लांबवू पाहणारा अर्ज फेटाळला, जुलैमध्ये मूळ पेटंटची मुदत संपली आणि ऑगस्टमध्ये हाच दर सुमारे १३० डॉलरवर उतरला. शिवाय अठरा ते वीस महिन्यांच्या उपचारातही बेडाक्विलिन असतेच, त्यामुळे तो स्वस्त म्हणण्याला फारसा अर्थ राहत नाही. मुख्य म्हणजे राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात, त्यामुळे यातला कोणताही आकडा तुमच्या खिशाला लागत नाही.

खिशाला लागते ती बुडालेली मजुरी. समजा, भावाची रोजची मजुरी ६०० रुपये आहे आणि महिन्याला २५ दिवस काम मिळते. म्हणजे एका महिन्याच्या खाड्याचे १५,००० रुपये झाले. क्षयरुग्णांच्या पोषणासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. अठरा महिने उपचार चालला तर हे अनुदान १८,००० रुपये होते, जेमतेम सव्वा महिन्याच्या मजुरीइतके. घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम आजारात गेली, तर जागतिक आरोग्य संघटना त्या खर्चाला कुटुंबाचे कंबरडे मोडणारा मानते. वर्षाला १,८०,००० कमावणाऱ्या घरासाठी ही रेषा ३६,००० रुपयांवर येते, आणि जास्तीच्या बारा महिन्यांत अडीच महिन्यांचे खाडे झाले तरी ती ओलांडली जाते.

उपचार लागू पडण्याचाही हिशोब करावा लागतो. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांच्या चोवीस आठवड्यांच्या, म्हणजेच सहा महिन्यांच्या नव्या उपचारात टीबी-प्रॅक्टिकल (TB-PRACTECAL) या औषधचाचणीत ८९ टक्के रुग्णांचा उपचार यशस्वी ठरला, तर तेव्हाच्या प्रचलित उपचारात ५२ टक्क्यांचा. प्रत्येक रुग्णावर १०० रुपये खर्च झाले असे धरले, तर एका यशस्वी उपचारामागे नव्या पद्धतीत सुमारे ११२ आणि जुन्या पद्धतीत १९२ रुपये पडतात. (त्या जुन्या गटात उपचार अर्ध्यावर बंद झालेले रुग्ण बरेच होते, पण कारखान्यात हजेरी लावून दीड वर्ष गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत नेमके तेच घडते.)

नव्या उपचारातही खर्च आहेत. लिनेझोलिडमुळे पायांना मुंग्या येऊ शकतात आणि रक्तातील पेशी कमी होऊ शकतात. म्हणून रक्ततपासण्या व ईसीजी वेळच्या वेळी कराव्या लागतात. हे बाहेरच्या प्रयोगशाळेत केले तर पैसे जातात, म्हणून सरकारी केंद्रातच करून घ्या. चौदा वर्षांखालील मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना हा उपचार दिला जात नाही. तुमच्या भावाला चालेल की नाही, हे तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतील. त्यासाठी औंधच्या उरो रुग्णालयात चौकशी करा. जाताना बँक पासबुक आणि आधार कार्ड बरोबर ठेवा, कारण पोषण अनुदान थेट खात्यात जमा होते आणि खात्याच्या तपशिलात चूक असेल तर ते अडकून राहते.