वाचकांचे प्रश्न : पावरी बोलणारी मुलं वर्गात गप्प का बसतात?

प्रश्न : मी मूळची अमळनेरकडची, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेत दुसरीला शिकवते. सगळी मुलं पावरा या आदिवासी समाजातली, घरी त्यांची पावरी बोलीच बोलतात. मी मराठीत काही विचारलं की खाली बघतात, पण पटांगणात तीच मुलं इतकी बोलतात की विचारू नका. मीटिंगमध्ये आमच्या मुलांना अप्रगत म्हणतात. त्यात दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातो. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, तुमची मुलं अप्रगत नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. ज्या मुलाच्या कानावर सहा वर्षांपर्यंत मराठी जवळजवळ पडलीच नाही, त्याला शाळेत आल्या आल्या मराठी वाचायला लावायचं आणि नाही आलं की शिक्का मारायचा, याचा मला खरंच राग येतो. तुमच्याकडे घरात अहिराणी असली तरी बसस्टँडवर, टीव्हीवर मराठी ऐकू येतेच, सातपुड्यातल्या पाड्यावर बऱ्याचदा तेवढंही नसतं.

म्हणून सुरुवात पावरीतूनच करा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये शक्य तिथपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तेच आहे, कोणी अडवलं तर हे दाखवा. तुम्हाला पावरी येत नसेल तर पाड्यावरच्या एखाद्या आजीला नाहीतर बारावी झालेल्या मुलीला वर्गात बोलवा, ती गोष्ट सांगेल, मग मुलं आपलं काही सांगतील, होळीचं, शेळ्यांचं, महू म्हणजे मोहाची फुलं वेचायचं, आणि ती वाक्यं तुम्ही पावरीतच पण देवनागरीत फळ्यावर लिहा, तेच त्यांचं पहिलं वाचन. स्वतः बोललेलं वाचता आलं की मुलगा धीट होतो, आणि अक्षरं तर मराठीला तीच लागतात. मराठी आधी तोंडी येऊ द्या, खेळातून, गाण्यातून, घाई नको. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी, म्हणजे नर्मदा बचाव आंदोलनाने आदिवासी मुलांसाठी काढलेल्या शाळांनी, मुलांच्या बोलीला वर्गात जागा दिलीय, नव्वदच्या दशकापासून, जमलं तर एकदा जाऊन बघाच.

या गोष्टींची छोटी पुस्तकं छापायची असतील तर ग्रामसभेत विषय मांडा, पेसा गावांच्या, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या पंचायत कायद्यात येणाऱ्या गावांच्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो आणि तो शिक्षणावरही खर्च करता येतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, पण बैठक मराठीत झाली की त्या बायका सही करून निघून जातात. बैठक पावरीत होऊ द्या, इतिवृत्त तुम्ही मराठीत लिहा.

आता ऊसतोड. दिवाळीची वाट बघू नका, पाऊस ओसरला की घरोघरी जा, कोण आजीआजोबांकडे राहू शकतं ते विचारा आणि त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा. जी मुलं जाणारच त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन नंबर आणि तिकडच्या गावाचं नाव लिहून ठेवा, म्हणजे तिकडच्या शाळेशी बोलता येईल, आणि काही झालं तरी पटावरून नाव काढू नका. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराला, होळीला बरीच कुटुंबं परत येतात, तेव्हा त्यांच्या दारात स्वतः जा आणि दुसऱ्याच दिवशी मुलांना त्यांच्याच वर्गात बसवा.